गाडी ॲव्हरेज किती देते?

आपल्याकडे कोणी गाडी घेतली की हातात पेढा पडतो आणि त्यापाठोपाठ प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती देते?" गाडीची किंमत, हप्ता, विमा ही चौकशी नंतर. घेणाराही छाती पुढे काढून सांगतो, साठ देते, सत्तर देते, जीपवाला असेल तर चौदा देते. वास्तविक ॲव्हरेज म्हणजे सरासरी. पण सांगितला जातो तो आकडा सरासरीचा नसतोच. कधीतरी एकट्याने, मागे कोणी न बसवता, महामार्गाने सावकाश येताना जो सर्वांत चांगला आकडा आला तो माणसाच्या डोक्यात घट्ट बसतो, आणि पुढे वर्षभर तोच सांगितला जातो. बरे, तो तरी कसा काढला म्हणून विचारावे, तर उत्तर मिळते, "दोनशेचं टाकलं होतं, गावाला जाऊन आलो, अजून काटा हाय तिथंच हाय."

ही गंमत पारावर बसून करायला ठीक आहे. पण जिथे गाडी हौसेची नसून पोटाची असते, आणि त्यातही ती एकट्याची नसून दहा घरांनी पोटाला चिमटा काढून घेतलेली असते, तिथे याच आकड्यावर एखाद्या माणसाची अब्रू टांगलेली असते. आमच्या डोळ्यांसमोर घडलेली हकीकत आहे म्हणून ती वाचकांपुढे ठेवीत आहोत. नोकरीपेशाने आम्ही कारकून, भोरला बसतो. शिक्षण बी.कॉम. त्यामुळे वस्तीतल्या कुठल्याही सामाईक कामात हिशेबाची वही शेवटी आमच्याच हातात येते.

वेल्हे तालुक्यातल्या, म्हणजे आता ज्याला राजगड तालुका म्हणतात तिथल्या, आमच्या ओळखीच्या दहा कुटुंबांनी मिळून एक जुनी डिझेल जीप घेतली. चेलाडी फाटा, नसरापूर, मार्गासनी, विंझर करीत वेल्ह्यापर्यंत वडाप करायचे. एका बाजूचे तिसेक किलोमीटर. रोज दोन खेपा आणि बाजाराच्या दिवशी तीन. गाडीवर त्याच दहा घरांपैकी एका विधवा बाईचा मुलगा ड्रायव्हर म्हणून ठेवला. पोरगा बावीस-तेवीस वर्षांचा, गाडी जपून चालवणारा, तंबाखूसुद्धा न खाणारा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे बसून हिशेब करायचे, असे ठरले होते.

2023 च्या दिवाळीनंतरची ही गोष्ट. हिशेबाच्या बैठकीत दोन आठवड्यांचे आकडे शेजारी शेजारी आले. पहिल्या आठवड्यात गाडी 780 किलोमीटर पळाली आणि पंपाच्या पावत्या होत्या 60 लिटरच्या. भागाकार केला, 13. दुसऱ्या आठवड्यात गाडी 760 किलोमीटर पळाली आणि पावत्या होत्या 80 लिटरच्या. भागाकार केला, साडेनऊ. तीच गाडी, तोच रस्ता, तोच ड्रायव्हर. आठ दिवसांत तेराचे साडेनऊ कसे झाले? कोणीतरी लगेच हिशेब मांडला की तेराच्या मानाने 760 किलोमीटरला साडेअठ्ठावन्न लिटर लागायला हवे होते, लागले ऐंशी, म्हणजे साडेएकवीस लिटर गेले कुठे? डिझेल तेव्हा 92-93 रुपये लिटर होते. दोन हजारांच्या घरातली रक्कम. बैठकीत क्षणभर शांतता पसरली आणि मग मागून आवाज आला, "पोरगा डिझेल मारतोय."

हे तीन शब्द बोलायला सोपे आहेत. ड्रायव्हर लोकांबद्दल तर ते आधीपासून तयारच असतात, फक्त नाव घालायचे बाकी असते. त्या पोराचा चेहरा उतरला. तो एवढेच म्हणाला, "भाऊ, म्या एक थेंब बी काढला न्हाय. पावत्या बगा." पावत्याच तर बघितल्या होत्या! दोन हजार रुपये पगारातून कापावेत, अशी सूचना आली. त्याची आई भिंतीशी बसली होती, ती उठून बाहेर गेली.

आम्ही त्या दिवशी सर्वांना विचारले, की किराणा दुकानदार महिन्याला किती साखर खपली हे कसे काढतो? या महिन्यात दोन पोती आणली म्हणून दोन पोती खपली असे तो म्हणतो का? महिन्याच्या पहिल्या तारखेला दुकानात किती होती ते बघायचे, त्यात खरेदी मिळवायची, आणि शेवटच्या तारखेला किती उरली ते वजा करायचे. आरंभीचा साठा अधिक खरेदी वजा अखेरचा साठा, म्हणजे खप. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला हे शिकवतात आणि दुकानात काम करणाऱ्या पोराला ते न शिकताच येते. मग जीपच्या बाबतीत आपण खरेदीलाच खप का समजलो? टाकी हे आपले गोदाम आहे. आठवडा सुरू झाला तेव्हा गोदामात किती होते आणि संपला तेव्हा किती होते, हे वहीत कुठेच लिहिलेले नव्हते.

आता दोन्ही आठवडे एकत्र करून बघा. 1,540 किलोमीटर आणि 140 लिटर. भागाकार बरोबर 11 येतो. गाडी खरोखर अकराच देत असेल तर पहिल्या आठवड्यात तिला सुमारे 71 लिटर लागले, पण भरले साठच. म्हणजे अकरा लिटर टाकीतल्या जुन्या साठ्यातून गेले. दुसऱ्या आठवड्यात लागले 69, भरले ऐंशी. म्हणजे ते अकरा लिटर पुन्हा टाकीत जाऊन बसले. पावत्या नीट चाळल्या तर शेवटची पावती रविवारी रात्रीची निघाली. सोमवारी पहाटे वरंध घाटाने महाडची खेप ठरली होती. भोर सोडल्यावर घाट उतरेपर्यंत पंपाचा भरवसा नाही, म्हणून पोराने रात्रीच टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवली होती. चोरीला गेलेले डिझेल जीपच्या टाकीतच होते.

पण कागदावर सिद्ध झाले म्हणजे मनातून गेले असे होत नाही. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "तुमचं हे शिकलेल्या लोकांचं गणित झालं. आम्हाला मोजून दाखवा." हे आम्हाला पटले. संशय एकदा बोलला गेला की त्याला मोजमापानेच उत्तर दिले पाहिजे, नुसत्या भल्या शब्दांनी नाही. पगार कापायचा नाही आणि महिनाभर मोजायचे, असा ठराव झाला.

मोजण्याची रीत सोपी आहे, मात्र तिच्यात आळस चालत नाही. टाकीत किती डिझेल आहे हे बाहेरून कळत नाही. काट्यावर तर अजिबात विसंबू नये. टाकी भरली की तो बराच वेळ हलत नाही, आणि अर्ध्याच्या खाली आला की घसरगुंडीवर बसल्यासारखा येतो. एकच खूण अशी आहे की जी आपण दर वेळी ओळखू शकतो, आणि ती म्हणजे भरलेली टाकी. म्हणून टाकी पूर्ण भरायची, किलोमीटरचा आकडा लिहायचा, गाडी नेहमीसारखी चालवायची आणि पुन्हा तेवढीच पूर्ण भरायची. आरंभीचा साठा आणि अखेरचा साठा दोन्ही सारखे झाले की ते एकमेकांत कटतात, आणि दुसऱ्या वेळी जेवढे डिझेल मावले तेवढाच खप. मधे पाचशेचे, हजाराचे टाकले तरी हरकत नाही, पण ते लिटर वहीत आले पाहिजेत. भोरच्या एसटी आगारातला एक ओळखीचा माणूस हे ऐकून हसला. म्हणाला, "ड्यूटी संपवून आलेल्या गाडीची टाकी आम्ही भरतो ती काय शोभेला?"

'तेवढीच पूर्ण' या दोन शब्दांत सगळी मेख आहे. पंपाच्या नळीच्या टोकाला एक बारीक भोक असते. डिझेल चढत चढत त्या भोकाशी आले की नळी आपोआप खट्ट करून बंद होते. पण डिझेलला फेस येतो. जोरात सोडले तर फेसच वर येतो आणि नळी लवकर बंद होते. गाडी एका अंगावर कलती असेल तर टाकीत हवेचा कप्पा राहतो. म्हणून आम्ही नियम केला. पंप तोच, नळी तीच, गाडी उभी करायची जागा आणि तोंड तेच. पहिले खट्ट झाले की दोन मिनिटे थांबायचे, फेस बसू द्यायचा, मग हळू सोडायचे आणि दुसऱ्या खट्टला थांबायचे. त्यापुढे गाडी हलवून, थपडा मारून आणखी कोंबायचे नाही. पेट्रोलच्या गाडीत तर मुळीच नाही. ऊन लागले की पेट्रोल फुगते, दर दहा अंशांना साधारण एक टक्का, आणि त्याला जागा लागते. (पहाटे भरले की जास्त मिळते, असे पुष्कळजण सांगतात. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथे सकाळ-दुपारचा फारसा फरक पडत नाही. झोपमोड करू नये.)

एवढे करूनही अर्ध्या लिटरचा फरक राहू शकतो. म्हणून थोडे डिझेल जाळून लगेच भागाकार करायला बसू नये. पाच लिटरमागे 55 किलोमीटर गेले तर आकडा अकरा. भरताना अर्धा लिटर कमी मावले तर तोच आकडा बारा पूर्णांक दोन, जास्त मावले तर दहा. चाळीस लिटर जाळून मग तीच अर्ध्या लिटरची चूक झाली तर आकडा 10.86 आणि 11.14 च्या मधेच राहतो. आणि सलग चार-पाच भरण्यांची बेरीज केली तर मधल्या भरण्यांच्या चुका आपोआप जातात, कारण एका वेळी अर्धा लिटर कमी भरले तर पुढच्या वेळी ते अर्धा लिटर जास्त मावते. चूक उरते ती फक्त पहिल्या आणि शेवटच्या भरण्याची.

त्या महिन्यात आम्ही चार भरणी मोजली. प्रत्येक वेळी दहा घरांपैकी कोणी एकजण पंपावर हजर. पहिल्यांदा 412 किलोमीटरला 38.1 लिटर, मग 455 ला 40.6, मग 398 ला 37.4 आणि शेवटी 471 ला 41.5. वेगवेगळे भागाकार केले तर 10.8, 11.2, 10.6 आणि 11.3 असे आले. बेरीज 1,736 किलोमीटर, 157.6 लिटर. सरासरी 11.02.

इथे एक सांगून ठेवतो, कारण चांगले शिकलेले लोकही इथे गफलत करतात. सरासऱ्यांची सरासरी काढू नये. एका मोटारसायकलने 100 किलोमीटरला 2 लिटर खाल्ले आणि नंतर 300 किलोमीटरला 5 लिटर, तर पन्नास आणि साठ यांची सरासरी पंचावन्न, हे उत्तर चूक आहे. 400 भागिले 7, म्हणजे 57 च्या वर, हे बरोबर. आधी बेरीज, मग भागाकार.

तिसरे भरणे कमी का आले आणि चौथे जास्त का, याचाही उलगडा झाला. तिसऱ्यात वेल्ह्याहून पुढे पासली-केळदच्या चढाला भाताची पोती घेऊन दोन खेपा गेल्या होत्या. चौथ्यात एका पेशंटला घेऊन गाडी पुण्याला जाऊन आली, म्हणजे महामार्ग. ज्या ज्येष्ठ सदस्यांना मोजून हवे होते, ते एक दिवस सकाळपासून जीपमध्ये पुढे बसले. एका खेपेत किती वेळा ब्रेक लागतो ते त्यांनी बोटावर मोजले. छत्तीस वेळा. कोणी हात केला की थांब, कोणाचे मूल ओकते म्हणून थांब, फाट्यावर सीट भरेपर्यंत इंजिन चालू ठेवून थांब. उभ्या गाडीचे इंजिनही तासाला अर्धा ते एक लिटर डिझेल पिते आणि किलोमीटर मात्र शून्य. संध्याकाळी कंबर धरून उतरताना ते पोराला म्हणाले, "फाट्यावर इंजिन बंद करत जा रे." संशय गेल्याची त्यांची पावती हीच होती. पोराच्या आईला मात्र कोणी जाऊन सांगितले नाही म्हणून आम्हीच गेलो. तिने चहा केला. म्हणाली, "मला ठावं होतं. पर ठावं असून काय उपेग, वहीत न्हवतं ना."

आता काहींचे म्हणणे असे होते, की चोरी नाही हे खरे, पण गाडी अकराच का देते? कंपनीच्या कागदावर तर जास्त आहे. कंपनीचा आकडा कुठून येतो तेही बघू. पुण्यात वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, ही संस्था 1966 पासून आहे. तिथे गाडी रस्त्यावर नेत नाहीत. बंद खोलीत रुळांवर उभी करतात, चाके रुळांवर फिरतात आणि गाडी जागची हलत नाही. कधी किती वेग, कधी थांबायचे हे सेकंदागणिक ठरलेले असते. मागच्या नळीतून निघालेला धूर गोळा करून त्यातल्या कार्बनवरून किती इंधन जळाले ते काढतात. सगळ्या गाड्या एकाच तराजूत तोलायच्या म्हणून ही परीक्षा योग्यच आहे. दोन गाड्यांत कोणती कमी पिते हे तिच्यावरून कळते. पण त्या खोलीत मार्गासनीचे खड्डे नाहीत, टपावर भाताची पोती नाहीत आणि हात करणारी म्हातारी नाही. 1985 मध्ये हीरो होंडाची सीडी 100 आली तेव्हा जाहिरातीत ऐंशीचा आकडा होता. त्या जाहिरातीने 'फिल इट, शट इट, फरगेट इट' हे इंग्रजी न येणाऱ्यांच्याही तोंडी बसवले. भरा, झाकण लावा आणि विसरा. आमचे म्हणणे भरा, झाकण लावा आणि लिहा!

आणखी दोन गोष्टी तपासल्याशिवाय आकड्याला अंतिम मानू नये. पहिली म्हणजे गाडीचे मीटर. महामार्गावर किलोमीटरचे दगड असतात. आम्ही दहा किलोमीटरचे दगड मोजले, तेव्हा जीपच्या मीटरवर 10.3 झाले होते. टायर झिजले की चाक बारीक होते आणि तेवढ्याच अंतराला जास्त फेरे मारते, मीटर फेरेच मोजते. म्हणजे आमचे अकरा खरे तर 10.7 च. दर महिन्याची तुलना करायला याने बिघडत नाही, चूक रोज तेवढीच राहते. पण दुसऱ्याच्या गाडीशी पैज लावायची असेल तर दगड मोजून मग लावावी. आजकाल मोबाईलच्या नकाशावरही अंतर ताडून पाहता येते.

दुसरी म्हणजे पंपाचे माप. पंपावर वैधमापनशास्त्र विभागाचे शिक्के असलेले पाच लिटरचे माप ठेवलेले असते आणि कोणाही गिऱ्हाइकाला ते मागता येते. पाच लिटरमागे 25 मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो, त्याहून कमी भरले तर तक्रार करावी. माप मागितले म्हणून कोणी डोळे वटारले तर घाबरायचे कारण नाही, तो आपला हक्क आहे. आम्ही मागितले, माप बरोबर निघाले, आणि पंपावरच्या पोराने उलट चौकशी केली की साहेब, तुम्ही कुठल्या खात्यातले?

मोटारसायकल, स्कूटरवाल्यांसाठी रीत हीच. गाडी दर वेळी मधल्या स्टँडवर उभी करून भरायची, साइड स्टँडवर नाही. जुन्या गाडीला रिझर्व्हचा कॉक असेल तर टाकी न भरताही जमते. गाडी रिझर्व्हला आली तिथे आकडा लिहा, मोजून पेट्रोल टाका, कॉक पुन्हा मूळ जागी, आणि परत रिझर्व्हला येईल तिथे आकडा लिहा. खिशात टाकी भरण्याइतके पैसे नसतात, आपल्यातल्या पुष्कळांची हीच अवस्था, त्यांना ही रीत सोयीची. पेट्रोलवाल्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. 2025 पासून पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येते. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी शक्ती असते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात जुन्या दुचाकींचे ॲव्हरेज यामुळे 3 ते 4 टक्के कमी होईल असे म्हटले होते. पन्नास देणारी गाडी अठ्ठेचाळीस देऊ लागली तर ते पंपाचे पाप नाही आणि मेकॅनिकचेही नाही. पण ती चाळीसवर आली आणि इथेनॉलचे नाव सांगितले जात असेल, तर वही काढून दाखवावी.

आमच्या जीपची वही अजून चालू आहे. सुतळीने डॅशबोर्डला बांधलेली, रकाने पाच: तारीख, मीटर, लिटर, रुपये, सही. पोरगा स्वतः लिहितो. मधे 2024 च्या उन्हाळ्यात सलग दोन भरणी 9.8 आणि 9.7 आली. कोणी विचारायच्या आत तोच भोरला वही घेऊन आला. "भाऊ, ह्ये बगा, ओझं तेच, रस्ता तोच, एक किलोमीटर पडलंय. गाडीला कायतरी झालंय." महिन्याला तीन हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीला अकराचे दहा झाले तरी सत्तावीस लिटर जास्त लागतात, म्हणजे अडीच हजार रुपये. आम्ही त्याला सांगितले, वीस किलोमीटर चालवून ये आणि चारही चाकांजवळ हात नेऊन बघ. डाव्या मागच्या चाकाला हात टेकवत नव्हता इतके तापले होते. ब्रेक सुटतच नव्हता, चाक धरून ठेवीत होता. नसरापूरच्या मेकॅनिकने ड्रम खोलून साफ केला, स्प्रिंग बदलली. पुढचे भरणे 10.9 आले आणि त्याच्यापुढे पोराने लाल पेनाने बरोबरची खूण केली आहे.